पन्हाळ्याचं वडाप दहा दिवस आधी पोचलं : एका वहीचा प्रकरण अभ्यास

पहिल्या घटक चाचणीत या मुलाला इतिहासात वीसपैकी तीन गुण पडले. त्याच आठवड्यात गणिताच्या तासाला बाकाखाली काहीतरी लिहिताना तो सापडला. गणिताच्या सरांनी वही माझ्याकडं आणून दिली, कारण सहावीची वर्गशिक्षिका मी आणि इतिहासही माझ्याच गळ्यात. शंभर पानी वही. वर स्केचपेननं लिहिलेलं : 'काळाचं वडाप. कोल्हापूर ते कुठंपण. शिटा भरल्याशिवाय सुटणार नाही.'

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. वडाप म्हणजे ठरलेल्या रस्त्यावर माणशी भाडं घेऊन धावणारी जीप, ट्रॅक्स नाहीतर रिक्षा. वेळापत्रक नाही, थांबे नाहीत. माणसं भरली की सुटायचं. या मुलाचे आजोबा, म्हणजे आबा, वीसेक वर्षं पन्हाळ्याच्या रस्त्यावर ट्रॅक्स मारायचे. गाडी आता घरामागं विटांवर उभी आहे. पोरगा शाळेतून आला की तिच्यात जाऊन बसतो. अभ्यास करतोय अशी घरच्यांची समजूत होती.

त्याचं नाव इथं देत नाही. वहीत ड्रायव्हर आबा आणि तो क्लीनर, म्हणून मीही त्याला क्लीनरच म्हणते.

कालयंत्राच्या गोष्टी मुलं लिहितात, त्यात नवल नाही. बटण दाबलं की डायनासोर, पुन्हा दाबलं की घरी. क्लीनरच्या यंत्रात गंमत होती ती वडापच्या नियमात. जाताना शिटा भरायला लागतात आणि येतानाही. परतीला गिऱ्हाईक मिळालं नाही तर त्या शतकात मुक्काम. म्हणजे कुठल्याही काळात पोचल्यावर त्याचं पहिलं काम तिथल्या माणसांशी बोलणं, भाडं ठरवणं आणि त्यांना गाडीत बसायला तयार करणं. ही कल्पना किती कामाची आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी लाल पेन काढला.

लाल शाई

पहिली सफर ब्रह्मपुरीची होती. पाचवीच्या सहलीत टाउन हॉल म्युझियममध्ये त्यानं ती छोटी कांस्यमूर्ती पाहिली होती, समुद्रदेव पोसायडनची. उंचीला वीतभरही नाही. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती मिळाली. त्याच टेकाडावर 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती उजेडात आली. रोमन जगातला देव पंचगंगेच्या काठाला आला कसा, हा प्रश्न सहलीतल्या चाळीस पोरांपैकी याच्याच डोक्यात राहिला होता. म्हणून वडाप दोन हजार वर्षं मागं.

तिथं पोचल्यावर क्लीनरनं काय केलं? मिसळ खाल्ली. वीस रुपये दिले. मूर्ती आणणाऱ्या व्यापाऱ्याशी हिंदीत बोलला, 'कारण तो बाहेरचा होता'.

दोन पानांत मी अकरा लाल खुणा केल्या, ऱ्हस्व-दीर्घासकट. खाली लिहिलं, 'कल्पना छान, पण चुका टाळ.' पुढचे तीन आठवडे वहीत एक ओळ आली नाही. विचारलं तर म्हणाला, "वडाप बंद केलं बाई. पासिंग न्हाई मिळालं."

या प्रकरणात माझ्याकडून झालेली ही सगळ्यात मोठी चूक. खुणा केलेल्या चुका खऱ्याच होत्या, पण मी त्या परीक्षकासारख्या मोजल्या. त्या गोष्टीच्या आतून दाखवायला हव्या होत्या.

खाल्लंस काय, दिलंस काय, बोललास कसं

मग एका मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी डबा उघडून बसले. डब्यात भाकरी आणि लाल चटणी होती. म्हटलं, "ही चटणी तुझ्या ब्रह्मपुरीत मिळाली नसती."

"का?"

"मिरची तिथं नव्हतीच. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, त्यांच्या जहाजांबरोबर ती आपल्याकडं आली. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, सगळे तिकडचेच पाव्हणे. पावसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आपण शिकलो."

तो चावायचा थांबला. एखाद्याला त्याच्या घराण्याविषयी काहीतरी भलतंच कळावं तसा चेहरा. "मिरची न्हाई? मग ते कोल्हापूर कसलं?" थोड्या वेळानं, "मग तिखट लागंल तर काय करायची माणसं?"

मिरी होती, आलं होतं, लसूण होता. मोडाचं कडधान्य होतं. त्यानं बोटं मोजत मिसळीतून एकेक जिन्नस काढून टाकला आणि उरलेल्याचं नाव ठेवलं 'सातवाहन उसळ'. दुसऱ्या दिवशी आईच्या मागं लागून मिरचीशिवाय फक्त मिरी घालून मटकी करून घेतली. वहीत नोंद आहे : 'जाळ घशात लागतो, जिभेला न्हाई. खाल्ली. परत खाणार न्हाई.' चार वर्षं 'पोर्तुगीजांचे आगमन' शिकवतेय. त्याचा परिणाम कुणाच्या जिभेवर तपासून बघावा, हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्यातून तीन प्रश्न ठरले. प्रत्येक सफरीत उतरल्यावर खाल्लंस काय, पैसे कशात दिलेस, बोललास कुठल्या भाषेत. बाकी काय वाटेल ते लिही.

पैशाचं उत्तर कोल्हापुरातच होतं. ब्रह्मपुरीला शिशाची जाडजूड नाणी मिळाली आहेत, त्यांवर धनुष्यबाण. शिशाचं नाणं म्हटल्यावर क्लीनर खूश. भाड्याची पिशवी किती जड होईल याचं त्यानं अर्धं पान वर्णन केलंय. भाषेचं मात्र अवघड. तिथं प्राकृत बोलत होते, आपल्या मराठीची पणजी. मला येणाऱ्या प्राकृत शब्दांपैकी एक त्याला दिला : पोट्ट. म्हणजे पोट. नव्यानं लिहिलेल्या ब्रह्मपुरीच्या सफरीत क्लीनर बाजारात उभा राहतो, पोटावर हात ठेवून मोठ्यांदा 'पोट्ट!' म्हणतो, आणि एक म्हातारी त्याला बोलावून जेवायला वाढते. दोन हजार वर्षांच्या पलीकडे त्याच्याकडं चालणारा एकच शब्द होता आणि तेवढ्यानं भागलं.

लाल शाईपेक्षा हे बरं चाललं होतं. शुद्धलेखन तसंच भयानक राहिलं. ते मी वहीबाहेर, वेगळ्या तासाला घेतलं.

कोण कोणाशेजारी बसणार

मधल्या काही सफरी भराभर झाल्या. 1870 साली फ्लॉरेन्सला जाऊन आला. कोल्हापूरचे तरुण राजाराम महाराज युरोपहून परतताना तिथंच वारले, नदीकाठी त्यांचं दहन झालं. तिथं परतीला मराठी गिऱ्हाईक मिळालं खरं, पण गाडीत कुणीच बोललं नाही, एवढंच लिहिलंय. खासबागेच्या मैदानात, 1912 च्या सुमाराला, कुस्तीची निकाली मारामारी सहा पानं चालली. ती सहा पानं मी चाळली, खोटं कशाला बोलू.

थांबायला लागलं ते चहाच्या दुकानात. टाउन हॉल ज्या भाऊसिंगजी रोडवर आहे, त्याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं हॉटेल होतं. गंगाराम हे संस्थानच्या पागेतले नोकर. वरच्या जातीच्या लोकांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचं हॉटेल काढून दिलं. लोक तिथं चहा प्यायला जाईनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले.

क्लीनरनं लिहिलं होतं, 'सगळे चहा प्यायले आणि वडापमध्ये बसले.'

मी म्हटलं, "तुझ्या गाडीत ब्रह्मपुरीची म्हातारी आहे, दोन पैलवान आहेत, एक शास्त्री आहे. गंगाराम आत आले. कोण सरकून जागा देतंय?"

खरं सांगते, हा प्रश्न विचारताना माझीच धाकधूक होती. अकरा-बारा वर्षांची पोरं, वर्गात सगळ्या घरांतली. पण वडापमध्ये मांडीला मांडी लागते. तिथं 'त्या काळी अस्पृश्यता होती' हे एक वाक्य लिहून सुटता येत नाही. कुणाची तरी मांडी कुणाला तरी लागणारच.

दोन दिवसांनी त्यानं उत्तर आणलं. शास्त्रीबुवा खाली उतरले, म्हणजे एक शीट रिकामी, म्हणजे गाडी सुटेना. मागून महाराज आले. 'महाराज एवढे दांडगे की त्यांना दीड शीट लागली. ते गंगारामांशेजारी बसले आणि म्हणाले सोड गाडी. मग मागचे गप बसले.' पाठ्यपुस्तकात 1902 सालचं पन्नास टक्के राखीव जागांचं फर्मान आहे. चाचणीत तेच विचारतात आणि ते यायलाच हवं. पण माणसं 'गप बसले', मनानं बदलली नाहीत, हा बारकावा त्याला कुणी शिकवला नव्हता.

पौर्णिमा कुठाय?

आता मुख्य प्रकरण.

पन्हाळ्याला जायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. आबांचाच रस्ता. 1660 सालचा वेढा, सिद्दी जौहर, शिवाजी महाराज गडावर अडकलेले. क्लीनरनं सफरीची तारीख टाकली 12 जुलै 1660 आणि सुरुवात केली, 'अमावस्येची काळीकुट्ट रात्र होती.'

मी म्हटलं, अमावस्या नव्हती, आषाढी पौर्णिमा होती. चंद्र ढगाआड होता, पाऊस कोसळत होता, पण तिथी पौर्णिमेची. आणि गडावर शिवराई देऊ नकोस. महाराजांची स्वतःची नाणी राज्याभिषेकाच्या वेळची, 1674 ची. मग काय देऊ? होन दे. नाहीतर कोकण किनाऱ्यावर चालायची ती लारी, दुमडलेली चांदीची तार. लारीचं चित्र बघून म्हणाला, "ही तर आईची केसाची पिन हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी दारात उभा. हातात आत्येबहिणीचा मोबाइल, त्यात आकाश दाखवणारं ॲप. तारीख घातलेली, 12 जुलै 1660. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर.

"बाई, पौर्णिमा कुठाय?"

मला उत्तर येत नव्हतं. चौदा वर्षं मी 'पौर्णिमेची रात्र, 12 जुलै' असं एका दमात शिकवत आलेय आणि दोन्ही एकत्र बसतात का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्याला म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब.

संध्याकाळी उलगडलं. चूक ॲपची नव्हती आणि इतिहासकारांचीही नव्हती. शिवकाळाच्या इंग्रजी तारखा आपण वापरतो त्या जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या. इंग्लंडनं नवं ग्रेगरियन कॅलेंडर 1752 साली घेतलं, तोवर राजापूरच्या वखारीतले इंग्रजही जुन्याच तारखा लिहायचे. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. ॲप नव्या पद्धतीनं मोजत होतं. त्यात 22 जुलै घातली आणि चंद्र भाकरीएवढा गोल झाला.

मी सुटकेचा श्वास टाकला. क्लीनरच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. "म्हंजे आमचं वडाप दहा दिवस आधी पोचलं की ओ! वेढा उठलाच न्हाई. आता अडाकलो."

तारीख दुरुस्त करून तो पुढं जाऊ शकला असता. त्यानं ती मुद्दाम तशीच ठेवली. गाडी अंबरखान्याच्या भिंतीला लावली आणि वेढ्यात दहा दिवस काढले. वहीतली सगळ्यात चांगली पानं ही आहेत. पाऊस थांबत नाही. पावसाळ्यात वेढा ढिला पडेल असं गडावर वाटत होतं, पण सिद्दीनं छावणीवर छपरं घातलीत, ती वरून दिसतात. राजापूरचा इंग्रज रेव्हिंग्टन तोफा घेऊन आलाय आणि आपलं निशाण लावून गडावर गोळे टाकतोय. आबा रोज सकाळी इंजिन चालू करून बघतात आणि डिझेल वाचवायला लगेच बंद करतात. अंबरखान्यात धान्य आहे, पण सारखं नाचणी-वरीच खाऊन क्लीनर कंटाळलाय.

आणि त्याचे केस वाढलेत. म्हणून चौथ्या दिवशी एक जण त्याला दगडावर बसवून वस्तऱ्यानं केस कापून देतो. पायथ्याच्या नेबापूरचा माणूस. शिवा काशिद.

रिकामी शीट

इथं एका सहशिक्षकांनी आक्षेप घेतला. शिवकाळात पोरांनी मनचं घालू नये, आज केस कापतील, उद्या काय वाटेल ते लिहितील. आक्षेप पोकळ नव्हता. म्हणून आम्ही पानं वाटून घेतली. उजव्या पानावर माहीत असलेलं, डाव्या पानावर मनचं. शिवा काशिद नाभिक होते, दिसायला महाराजांसारखे होते, दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले आणि मारले गेले, हे उजवीकडं. वस्तरा कानामागं गार लागला आणि शिवा 'हलू नगंस, कान जाईल' म्हणाला, हे डावीकडं. क्लीनरला ही वाटणी आवडली. डावं पान नेहमी आधी भरायचं.

दहावा दिवस आला. उजव्या पानावर सगळं नीट उतरलंय : शरण येण्याचा निरोप, वेढ्यातली ढिलाई, रात्रीच्या पावसात निघालेल्या दोन पालख्या, बाजीप्रभू आणि सहाशेच्या आसपास बांदल मावळे, विशाळगडाची वाट. डावं पान कोरं.

"काय झालं?"

"गाडीत एकच शीट रिकामी हाय. शिवादादास्नी बसवून आणतो."

"मग पालखीत कोण बसणार?"

त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. मग एकेक उपाय घेऊन यायला लागला. पालखीत बुजगावणं ठेवू. मी विचारलं, पडदा उचलला की? लगेच कळंल. मग? मग लगेच पाठलाग. बरं, पाठलागावरच्या सिद्दी मसूदलाच वडापमध्ये घालून दुसऱ्या शतकात सोडू. त्याचे घोडेस्वार? एवढ्या शिटा न्हाईत. आणखी एक होता : महाराजांनाच गाडीतून विशाळगडला सोडू. हा मला वाटलं चालेल. त्यानंच खोडला. "मसाईच्या पठारावर चिखलात ट्रॅक्स जात न्हाई, आबांनी सांगितलं."

प्रत्येक वेळी मी फक्त 'मग पुढं?' एवढंच विचारलं. पालखी पकडली गेली, आत महाराज आहेत असं वाटून ती छावणीत नेली, ओळख पटेपर्यंत वेळ गेला. तोच वेळ पुढच्या वाटेला मिळाला आणि घोडखिंड त्या वेळेवर उभी राहिली. या साखळीतली कडी त्याला निघता निघेना. 'कारणे लिहा' हा प्रश्न मी दर चाचणीत घालते. कारण नकोसं वाटून एखादं पोर त्याच्याशी चार दिवस भांडलंय, असं माझ्यासमोर एकदाच झालं.

पाचव्या दिवशी डावं पान भरलं. त्यातलं जसंच्या तसं देते, फक्त काने-मात्रे सुधारून :

'शिवादादा म्हणाले तू जा. मी म्हटलं शीट भरल्याशिवाय गाडी सुटत न्हाई. ते म्हणाले माझी शीट तिकडं हाय आणि पालखीकडं बोट केलं. आबांनी गाडी चालू केली. एक शीट रिकामी हाय. तरी गाडी सुटली.'

त्यानंतर

सहामाहीत वीसपैकी अकरा. त्याच्या आईला ते कमी वाटले आणि तसं त्या पालकसभेत बोलल्या. चूक त्यांची नाही, रकान्यात अकराच दिसतात. पन्हाळ्याच्या प्रश्नात त्यानं '12 जुलै 1660 (जुनी), 22 जुलै (नवी)' असं लिहिलं होतं. मी पूर्ण गुण दिले. दुसऱ्या कुणी तपासला असता तर काट बसली असती, हेही मी त्यांना सांगितलं.

वर्गात हा प्रयोग मी आणखी चौघांवर करून पाहिला. दोघांनी बटणवाली यंत्रं केली आणि आठवड्यात कंटाळले. वडाप दुसऱ्याच्या आबांचं असलं की ते चालत नाही बहुतेक. एका मुलीनं मात्र रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्याचं यंत्र केलंय. मिरचीमुळं ते सोळाव्या शतकाच्या मागं जातच नाही, तिथं अडून बसतं. ते वेगळं प्रकरण.

वही परत द्यायला मी त्याच्या घरी गेले तेव्हा आबा मागच्या दारी त्या ट्रॅक्समध्येच बसले होते. वही त्यांनी वाचली होती. मी विचारलं, रिकाम्या शिटानं गाडी सोडली होती का कधी? म्हणाले, "जन्मात न्हाई, बाई. डिझेल परवडत न्हाई." मग नातवाकडं बघून म्हणाले, "त्या शिटाचं भाडं मी भरतो, लिही खाली."

क्लीनरनं पेन उघडला. "कशात भरणार? शिवराई अजून निघाली न्हाई."

आबांनी क्षणभर विचार केला आणि आत हाक मारली, "सूनबाई, केसाची पिन द्या गं एक."